डोंगर बंद करायची काठी

मी दारू पीत नाही. आयुष्यात कधी ओठाला लावली नाही, आता या वयात लावणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे ज्या गावाबद्दल लिहिणार आहे ते गाव द्राक्षांचं आहे आणि द्राक्षाच्या दारूचं आहे. आमची रत्नागिरीकडची माणसं वाचायला बसली की पहिली शंका तीच काढणार.

ते गाव चेकोस्लोव्हाकियातलं. मी पाहिलेलं नाही. नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हणाल तर जमणार नाही, माझी शाळा चौथीत सुटली. पण त्या गावात कुठून शिरायचं ते मला विचारा. खालच्या अंगाने आलं की ओढा लागतो, ओढ्यावर लाकडी साकव. साकव ओलांडला की उजव्या हाताला त्यांचं चर्च. चर्चची मोठी घंटा लढाईत वितळवायला नेली, धाकटी तेवढी राहिली, तिचा आवाज शाळेच्या घंटेसारखा बारीक. पुढे रस्ता चढतो. चढाला दोन्ही बाजूंनी टेकडीच्या पोटात खणलेल्या लांबट खोल्या, घरटी एक. बाहेरून चुना काढलेला, दारं निळी. आत पिंपं. उन्हाळ्यात आतून थंडगार, हिवाळ्यात उबदार. म्हातारे बायकोशी भांडले की तिकडे जाऊन बसायचे. आणि या सगळ्याच्या मागे द्राक्षांची टेकडी. तिला गावातले लोक नुसतं 'डोंगर' म्हणायचे. दुसरं नाव नाही.

हे मला त्या गावच्या माणसाने सांगितलं, फुजैऱ्याच्या डोंगरात. साठच्या दशकातली गोष्ट, एमिरेट्स म्हणून देश व्हायचा होता. माझी नात त्याच मुलखात, मोहम्मद बिन झायद सिटीत वाढली. तिला सांगायला गेलो तर म्हणते, "दादा, फुजैरा इज फॉर बीच." आता तिथे रस्ता आहे, बोगदे आहेत, चहा संपायच्या आत माणूस पोचतो. तेव्हा रस्ता म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. जीप दगडांवरून उड्या मारत जायची आणि आम्ही पाठीमागे पाण्याच्या डब्यांना मिठी मारून बसायचो.

एक कंपनी डोंगरात पाण्यासाठी बोअर मारत होती. मी त्या कॅम्पचा बावर्ची. हा माणूस ड्रिलिंगच्या मशीनवर मेकॅनिक. पन्नाशीकडे झुकलेला, काटकुळा, कान उन्हाने कायम लाल. हिंदी कॅम्पातल्याच लोकांकडून शिकलेला, त्यामुळे त्याच्या हिंदीत अर्धी शिव्यांची भरती, आणि त्या शिव्या आहेत हे त्याला ठाऊक नाही. मी त्याला मिस्तरी म्हणायचो. तो मला कोकणी म्हणायचा.

आमची दोस्ती आंब्यावरून जमली. एकदा मी तांदूळ निवडत होतो आणि तो शेजारी बसून गावचं सांगत होता. त्याच्या आजोबाच्या काळात एक किडा आला, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा, आणि द्राक्षाची मुळं खाऊन गेला. सगळा डोंगर वाळला. लोक देश सोडायला निघाले. मग कुणीतरी परमुलखातली रानटी वेल आणली. तिच्या मुळांना किडा तोंड लावत नव्हता. त्या मुळांवर गावच्या वेलीची काडी बांधली आणि डोंगर परत उभा केला.

"म्हणजे कलम," मी म्हणालो.

"क्या?"

"कलम. खाली रायवळ, वर हापूस. आमच्या वाडीत माझा बाप बांधतो."

मिस्तरी उठून उभाच राहिला. "तुमको मालूम है? कैसे काटता है? दिखाओ!"

मी भाजीच्या सुरीने भेंडीवर काप घेऊन दाखवला. त्याने माझ्या हातातून सुरी घेतली आणि दुसऱ्या भेंडीवर त्यांच्याकडचा काप दाखवला. जवळजवळ एकच. त्या दिवशी कॅम्पाला भेंडीची भाजी कमी पडली. त्यानंतर तो रोज संध्याकाळी माझ्या किचनच्या तंबूत येऊन बसू लागला, आणि मला ते गाव घरबसल्या पाठ झालं.

त्याची आई तिकडे होती, जिवंत. त्याला मात्र परत जायची सोय नव्हती. नदी पोहून पलीकडे ऑस्ट्रियात पळालेला माणूस तो, परत पाऊल टाकलं तर तुरुंग. नदीच्या त्या काठाला, ऑस्ट्रियात, त्याची मावशी दिलेली होती. तिने लग्नात माहेरच्या डोंगरावरची वेल बरोबर नेली होती, सासरी लावायला. पहिल्या हिवाळ्यात मिस्तरीने मावशीकडून त्याच वेलीच्या काड्या मागवल्या. ओल्या शेवाळात गुंडाळलेलं पार्सल कुठून कुठून फिरत आलं. उघडलं तेव्हा बहुतेक काड्या वाळून खडखडीत. एक तेवढी नखाने खरवडल्यावर आतून हिरवी निघाली.

"एक बस है," तो म्हणाला. "इथे तो किडा नाही. कलमाचीही गरज नाही."

कॅम्प एका लहानशा गावाला लागून होता. खजुराच्या बागा, लिंबं, थोडे आंबे, आणि डोंगरातून येणारा पाण्याचा पाट. त्याला तिथे फलज म्हणतात. बागेचा मालक म्हातारा होता. आम्ही त्याला शैबा म्हणायचो, म्हणजे म्हाताराच. जवानीत गलबतावरून खजूर घेऊन मुंबईला जायचा, त्यामुळे त्याला गोदीतली हिंदी येत होती. मिस्तरीने त्याच्याकडे एका वेलीपुरती जागा मागितली. शैबाने पाटाशेजारची काळी माती दाखवली.

मिस्तरी नको म्हणाला. त्याला वरचा दगडांचा उतार हवा.

शैबा माझ्याकडे वळला. "तुझ्या माणसाला ऊन लागलंय का?"

"द्राक्ष उतारावरच होतं," मिस्तरीचं म्हणणं. "खाली पाण्यात पाय बुडवून बसलेली वेल आळशी होते."

त्यामुळे झालं काय, की वेल पाटाच्या वरच्या अंगाला, आणि पाणी काही चढून जात नाही. मिस्तरी रोज काम सुटलं की हातपाय धुवायच्या आधी दोन बादल्या घेऊन वर जायचा. बोअरच्या मशीनवर दिवसभर उभा राहिलेला माणूस. मी कधी म्हटलं नाही की आण, आज मी नेतो. म्हटलं असतं तर त्याने दिल्या नसत्या.

तिसऱ्या वर्षी वेलीला तीन घड धरले.

आता त्या माणसाचं तोंड कसं झालं होतं ते मला लिहिता येणार नाही. तो मला हाताला धरून वर घेऊन गेला. हिरवे बारीक दाणे, आमच्या करवंदाच्या लहान भावासारखे. मी तोवर मनुका आणि बेदाणेच खाल्ले होते, झाडावरचं द्राक्ष पाहिलं नव्हतं.

"कोकणी," तो म्हणाला, "आई तिकडे आमच्या डोंगराची द्राक्षं खाते. मी पळालो तेव्हापासून खाल्ली नाहीत. मावशीकडे होतो तेव्हा वेलीला फळ नव्हतं, मग इकडे आलो. एक घड मिळाला की बस."

"दारू?" मी विचारलं. विचारणं भाग होतं.

"तीन घडांची दारू चिमणीलासुद्धा पुरणार नाही."

मेअखेर दाणे फुगले आणि एका घडाचा रंग उतरू लागला. त्या जुम्म्याला मिस्तरीने एक लांब काठी साळून गुळगुळीत केली. तिच्या टोकाला पिवळ्या खजुराची एक काडी, दोन लिंबं, आणि शैबाच्या बागेतल्या सब्जाची जुडी बांधली. वेलीच्या भोवती आधीच दगडांचं कडं होतं. कड्याच्या तोंडाशी खड्डा करून त्याने काठी रोवली, दोन पावलं मागे आला, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"डोंगर बंद," म्हणाला.

त्यांच्या गावची ही रीत. द्राक्ष पिकायला लागलं की सगळ्या गावासमक्ष अशी काठी डोंगराच्या पायथ्याशी रोवायची. फुलं, फळं, गव्हाच्या लोंब्या टोकाला. काठी उभी राहिली की काढणीपर्यंत डोंगरात कुणी शिरायचं नाही. चोराने नाही आणि मालकानेही नाही. स्वतःच्या वेलीपाशीसुद्धा जायचं नाही. एक राखणदार तेवढा कडेकडेने फिरणार.

शैबा काठी बघायला आला. वरून खाली, खालून वर बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे काय आहे? इथे हा कुणाची पूजा करणार?"

"पूजा नाही, चाचा. कुलूप आहे."

"कुलपाला लिंबू कशाला?"

"त्यांच्याकडचं कुलूप आहे."

त्याला हसू आलं. "कुलूप असेल तर असू दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्तरी माझ्या तंबूत येऊन बसला. मी म्हटलं, बादल्या?

"डोंगर बंद आहे."

"आणि पाणी?"

"मुळं खोल जातील. द्राक्षाला थोडा त्रास लागतो. त्रासाने रस गोड होतो."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. त्यांच्या गावात त्या दिवसांत पाऊस पडतो, धुकं पडतं, डोंगराला पाणी घालायचं असतं हेच कुणाला माहीत नाही. इथे दगडावर चपाती भाजावी असं ऊन. दोन-तीन दिवसांत पानं कडेने तपकिरी झाली आणि खाली मान घालून बसली. घडाच्या दाण्यांना सुरकुती दिसायला लागली.

"मिस्तरी, वेल मरते."

"थोडा त्रास."

"हा त्रास नाही, हा जून महिना आहे!"

तो हलेना. मीही काही कमी नाही. तो मशीनवर असताना मी दोन बादल्या घेऊन वर गेलो. आत पाय टाकला नाही, एवढा मान मी राखला. कड्याच्या बाहेर उभा राहून पाणी फेकलं. निम्मं दगडांवर पडून चर्र झालं, निम्मं पानांवर. दुसरी बादली फेकणार तोच मागून आवाज आला.

"हात आत गेला."

"पाय बाहेर आहे."

"कोकणी, हात आत गेला म्हणजे माणूस आत गेला. आणि दुपारचं पाणी पानावर टाकतोस? भाजून काढतोस तिला?"

ते मात्र खरं होतं. पण मी चिडलो होतो. म्हटलं, "तुझ्या गावच्या लोकांना इथे कोण बघायला येणार आहे? कोण विचारणार आहे तुला?"

तो तिथेच दगडावर बसला. मग त्याने जे सांगितलं ते तोपर्यंत सांगितलं नव्हतं, तीन वर्षांत.

लढाई त्या गावातून गेली तेव्हा सैनिकांनी पिंपांना गोळ्या घातल्या, तळघरांत घोट्याएवढी दारू साचली. ती लढाई संपली. मग गावातली जर्मन बोलणारी घरं हातगाड्या घेऊन निघून गेली, म्हणजे त्यांना घालवलं, त्यांच्या वेली तशाच राहिल्या. इतकं होऊनही दरवर्षी काठी रोवली जात होती. पुढे हुकूम आला की आता जमीन सगळ्यांची, बांध काढा. त्याच्या बापाने सही दिली नाही. द्राक्ष पिकायला आलं होतं, काठी उभी होती, आणि माणसं ट्रॅक्टर घेऊन बांध मोडायला आली. बाप काठीपाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, डोंगर बंद आहे, काढणी होऊ दे, मग काय ते करा. जमिनीबद्दल बोललाच नाही तो. एवढंच सांगत राहिला की डोंगर बंद आहे. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी आत गेली. ओळखीची माणसं, गावचीच. बाप त्याच हिवाळ्यात गेला. मिस्तरी वसंतात नदीत उतरला.

"आई मावशीला कळवते," तो म्हणाला. "त्यानंतर तिकडे काठी रोवली नाही कुणी. ही एकच आहे."

मी बादल्या उचलल्या आणि खाली आलो. त्या संध्याकाळी मी त्याच्याशी वाद घातला नाही. डाळ करपली, कॅम्पातल्या लोकांनी माझा उद्धार केला. डोक्यात एकच चाललं होतं. काठी राहिली पाहिजे आणि वेलही राहिली पाहिजे.

सकाळी पिठात हात असताना सुचलं. तसाच मशीनपाशी गेलो.

"मिस्तरी, तुमच्या डोंगरात काठी उभी असताना पाऊस पडला तर?"

"पडला तर पडला."

"राखणदार त्याला अडवत नाही?"

"पावसाला कोण अडवणार?"

"का नाही?"

"त्याला पाय कुठे आहेत!" असं म्हणाला आणि माझ्या पिठाच्या हाताकडे बघत राहिला. मशीनचा आवाज चालूच होता. मग हळूच म्हणाला, "पाणी आपलं आपण आलं तर... चालेल. पण ते खाली आहे."

"ते माझ्यावर सोड."

आमच्या वाडीत सुपारीला पाणी असंच जातं. विहीर वरच्या अंगाला, वाडी खाली आडवी पसरलेली, आणि मधून पोफळीचं खोड चिरून केलेली पन्हळ, एकीच्या तोंडात दुसरी. उताराच्या अंगाअंगाने, बोटभर कल देत. बापाबरोबर मी कैक पन्हळी बसवल्या होत्या. इथे पोफळ नव्हती, पण वादळात पडलेल्या खजुराची खोडं होती. कॅम्पातले पाइप हत्तीच्या पायाएवढे आणि कंपनीचे, त्यांचा विचारही केला नाही. अडचण एकच. वेलीपर्यंत कल मिळायचा तर पाणी बरंच वरून, गावाच्या पाटाच्या तोंडाजवळून काढायला हवं, आणि त्या पाण्याला कुणी उगीच हात लावू शकत नव्हतं. गावात प्रत्येक बागेची पाळी ठरलेली. जमिनीत एक खुंटी, तिची सावली अमुक दगडावर आली की याचं पाणी बंद, त्याचं चालू. त्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलं होतं.

शैबा खजुराखाली बसून दोरी वळत होता. मी समोर बसून सगळं सांगितलं. मिस्तरीच्या बापाचंही सांगितलं. तो दोरी वळत राहिला.

"त्याचा बाप काठीपाशी उभा राहिला?"

"हो."

"आणि गावातला एकही त्याच्या बाजूला उभा नाही राहिला?"

"नाही, चाचा."

त्याने दोरी खाली ठेवली. "गावाचं पाणी देणारा मी कोण? माझ्या पाळीतलं घे. सावली दगडाला लागायच्या आधी थोडं, रोज. पण त्या द्राक्षाची शराब होता कामा नये."

"बावर्ची मी आहे. भांडी माझ्या ताब्यात आहेत."

"मग झालं. यल्ला, चल, खोडं दाखवतो."

त्याच्या पाळीतलं म्हणजे त्याच्या लिंबांच्या तोंडचं. शेवटच्या दोन झाडांची पानं पुढे पिवळी पडलेली मी बघत होतो. तो त्याबद्दल बोलला नाही, म्हणून मीही नाही बोललो.

खजुराचं खोड म्हणजे सगळा काथ्याच. पोफळीसारखं सरळ चिरत नाही. मी छिन्नीने कोरायचो आणि ते दाढी वाढल्यासारखं फुटत जायचं. माझा बाप तिथे असता तर हसला असता. सांध्यांना चिखल आणि काथ्या कोंबला तरी गळायचं. कल एके ठिकाणी उलटा बसला आणि पाणी अर्ध्यात उभं राहून आमच्याकडे बघू लागलं. सगळं काढलं, दगड हलवले, परत बसवलं. मिस्तरी कामावरून आला की बाहेरच्या बाजूने दगड लावायला हात द्यायचा. कड्याच्या आत बोटही जाऊ द्यायचा नाही. शेवटची पन्हळ मी कड्याच्या दगडांवर आणून टेकवली. पुढचं पाणी आपण होऊन जाणार.

शैबाने वर पाट फोडला. आम्ही दोघे काठीजवळ उभे. बराच वेळ काही नाही. मग पन्हळीतून मातकट पाणी आलं, पाला पुढे ढकलत, काठावर थांबल्यासारखं झालं, आणि आत पडलं. दगडांमधून वाट काढत वेलीच्या बुंध्याशी जाऊन मुरलं. मिस्तरीने टोपी काढून हातात धरली होती. मला म्हणाला, "कोकणी, याला तुमच्यात काय म्हणतात?"

"पन्हळ."

त्याला तो शब्द कधीच नीट म्हणता आला नाही.

एक घड गेला, सुकून काळा पडला. दोन वाचले. पानं परत उठली. जूनच्या अखेरीला दाणे पिवळे आणि आरपार झाले, आतली बी दिसायची. मिस्तरी रोज बाहेरून मान वाकडी करकरून बघायचा, अजून नाही म्हणायचा. माझ्या मनात भीती होती, पाखरं खातील. मी किचनच्या रिकाम्या डब्यांची माळ करून बाहेर टांगली. राखणदार म्हणून त्याने माझी नेमणूक केली होती, बिनपगारी.

मग एका जुम्म्याला नमाजानंतर शैबा आणि मी येईपर्यंत तो धुतलेला सदरा घालून उभा होता. काठी त्याने दोन्ही हातांनी उपटली आणि आडवी ठेवली. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मग म्हणाला, "डोंगर खुला. आता येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायचं, कुणाला रिकामं पाठवायचं नाही. ही रीत."

पहिला घड त्याने शैबाच्या हातात दिला. शैबाने बिस्मिल्ला म्हणून एक दाणा तोंडात टाकला आणि त्याचा एक डोळा मिटला.

"आंबट," म्हणाला. "तुझ्या गावात साखर नाही का?" पण दुसरा दाणा घेतला, आणि उरलेल्यातला अर्धा घड माझ्या हातात देऊन बाकीचा घरच्यांसाठी उपरण्यात बांधला. मी खाल्लं. साल जाड, आत आधी आंबट आणि मग गोड, आणि बी दाताखाली कडू.

"मिस्तरी, तेच आहे का रे? तुझ्या गावचं?"

दुसरा घड घेऊन तो वेलीपाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. एक दाणा तोडायचा, तोंडात धरायचा, थांबायचा, मग दुसरा. त्याचे लाल कान तेवढे हलताना दिसत होते. कुणाला रिकामं पाठवायचं नाही म्हणालेला माणूस, पण त्या घडातला एक दाणा त्याने कुणाला दिला नाही, आणि आम्ही मागितला नाही.

त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा शैबाने माझा दंड धरून मला पन्हळीकडे वळवलं.

"हा सांधा गळतोय," तो मोठ्याने म्हणाला.

"काथ्या कमी पडला, चाचा."

"काथ्या नाही, चिखल. चिखल पातळ कालवलास."

"चिखल बरोबर आहे. तुमचं खोड वाकडं."

"माझं खोड वाकडं? वीस वर्षं उभं होतं ते!"

आम्ही दोघे उकिडवे बसून त्या सांध्यावर भांडत राहिलो, तो खाऊन संपवेपर्यंत.